आमच्या भागातील एक रोपवाटिका: कलमे चोख, सुटे बियाणे मात्र तपासूनच घ्यावे

आर्वी तालुक्यातील आमच्या गावाहून आठवडी बाजाराला जाताना, रस्त्यालगतच एक लहानशी खासगी रोपवाटिका लागते. मृगाचा पहिला पाऊस झाल्यावर परसबागेसाठी तेथून मी संत्र्याची दोन कलमे, एक मोगरा, कढीपत्त्याचे रोप, हळदीचे दोन किलो बेणे आणि भेंडी व मिरचीचे बियाणे घेतले. आता पोळा तोंडावर आला आहे आणि सर्व लागवड नीट पाहून झाली आहे, म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

संत्र्याच्या कलमांबद्दल मन भरून सांगावेसे वाटते. तीन वर्षांपूर्वी दारावर आलेल्या एका गाडीवरून मी स्वस्तात दोन कलमे घेतली होती. त्यांचा डोळा, म्हणजे खुंटावर बसवलेली संत्र्याची कळी, कधी जळाला ते कळलेच नाही आणि दोन वर्षे पाणी घालून वाढला तो निव्वळ काटेरी जंबेरी लिंबाचा खुंट, म्हणजे ज्यावर डोळा भरतात ते खालचे रोप. त्यामुळे या वेळी प्रत्येक कलम हातात घेऊन पाहिले. डोळा जमिनीपासून वीतभर उंचीच्याही वर, सुमारे 25 सेंटिमीटरवर भरलेला होता, जोड पूर्ण सांधलेला होता आणि खालच्या खुंटावर एकही फुटवा नव्हता. या उंचीला महत्त्व आहे, कारण डोळा बुडाशी असला की लागवडीत तो मातीखाली जातो, पावसाळ्यात तेथे ओल धरून राहते आणि फायटोफ्थोरा बुरशीमुळे खोडातून डिंक गळू लागतो. खुंट कोणता, असे विचारल्यावर मालकांनी आढेवेढे न घेता जंबेरीची आणि रंगपूर लिंबाची कलमे वेगवेगळी दाखवली, आमची जमीन भारी काळी असल्याचे ऐकून रंगपूरच घ्यायला सांगितले आणि निघताना पुन्हा बजावले, “भाऊ, डोया मातीत गाडू नका, झाड डिंक्यानं जाईन.” दोन्ही कलमे उंचवट्यावर लावली असून त्यांना पोपटी रंगाची दुसरी पालवी फुटली आहे.

हळदीचे बेणे वायगावची हळद म्हणून दिले गेले. समुद्रपूर तालुक्यातील या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. माझे बेणे खरोखर तेथील आहे की नाही, हे कंद काढल्याशिवाय सांगता येणार नाही. गड्डे मात्र टणक व निरोगी होते आणि जवळपास सर्व उगवले. कढीपत्ता ठीक आहे. मोगऱ्याची पिशवी फाडली तेव्हा मुळ्या तळाशी गोल गोल गुंडाळलेल्या निघाल्या, म्हणजे रोप त्याच पिशवीत फार दिवस राहिले होते. मुळ्या मोकळ्या करून लावल्यावरही ते अजून रुळलेले नाही.

खरी तक्रार बियाण्याची आहे. भेंडीचे ‘परभणी क्रांती’ हे वाण सीलबंद पाकिटात होते. पाकिटावर उगवणशक्ती, तपासणीची तारीख आणि वैधतेची मुदत छापलेली होती. केवडा रोगाला (पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या विषाणूजन्य रोगाला) तोंड देण्याच्या दृष्टीने परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेले हे सरळ, म्हणजे संकरित नसलेले, वाण आहे, त्यामुळे चांगल्या झाडावरच्या शेंगा वाळवून पुढच्या वर्षीचे बी घरीच धरता येते. ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलेल्या 20 बियांपैकी चौथ्या दिवशी 17 बियांना मोड आले. मिरचीचे बी मात्र वर्तमानपत्राच्या पुडीत सुटे दिले होते. पुडीवर ना तारीख होती, ना वाणाचे नाव. त्याच पद्धतीने ठेवलेल्या 20 बियांपैकी बाराव्या दिवसापर्यंत अवघ्या 6 उगवल्या, म्हणजे 30 टक्के, आणि मिरचीच्या प्रमाणित बियाण्यासाठी किमान 60 टक्के उगवण लागते. परसबागेत चार-दोन वाफ्यांचेच नुकसान होते. परंतु हेच बी एखाद्या शेतकऱ्याने गादीवाफ्यावर टाकले असते, तर त्याचा रोपांचा हंगामच हुकला असता.

मोड न आलेल्या बिया घेऊन मी पुढच्या बाजाराच्या दिवशी परत गेलो. मालकांनी वाद न घालता पैसे परत केले आणि सीलबंद पाकीट दिले, ज्यातील 20 पैकी 15 बिया उगवल्या. तीच रोपे आज वाफ्यात फुलावर आली आहेत. सुट्या बियांचा डबा मात्र गेल्या आठवड्यातही गल्ल्याजवळ तसाच उघडा होता.