कुत्र्याच्या पिल्लाचे कान साफ करण्याचा सुगंधी द्रव: काही महिन्यांच्या वापरानंतर

दुसरी बाटली तळाला आली आहे आणि कंपनीच्या ग्राहक सेवेशी चाललेला माझा पत्रव्यवहार कोणताही निर्णय न होता थांबला आहे, म्हणून हा अनुभव आता लिहून टाकत आहे. घटकांची यादी वेष्टनावर छापलेली असते, त्यामुळे तिची उजळणी येथे करत नाही. कानातला मळ सैल करून बाहेर आणण्याचे काम हा द्रव चांगले करतो, हे आधीच सांगतो. तरीही तिसरी बाटली मी घेणार नाही, आणि त्याचे एकमेव कारण त्यात घातलेला सुगंध हे आहे. एवढ्याशा गोष्टीवरून इतके लांबलचक लिहायचे का, असे वाटणाऱ्यांनी पुढचे वाचावे.

आमची चिकू कॉकर स्पॅनियल आहे. या जातीचे कान लांब, जड, केसाळ आणि खाली लोंबणारे असतात. त्यामुळे आत हवा कमी खेळते, ओल टिकते आणि उभ्या कानाच्या कुत्र्यांच्या तुलनेत त्रास लवकर सुरू होतो. पिल्ले जन्मतात तेव्हा त्यांच्या कानांची नळी बंद असते आणि साधारण दोन आठवड्यांनी उघडते. पिल्लू घरी येते तेव्हा ती उघडून फार काळ लोटलेला नसतो आणि आतली त्वचा नाजूक असते. शिवाय कुत्र्याची कर्णनलिका सरळ नसते. ती आधी खाली उतरते आणि मग आडवी वळून पडद्यापर्यंत जाते. कापसाची काडी घातली की मळ बाहेर येण्याऐवजी त्या वळणावर ठासला जातो, आणि पिल्लाने ऐन वेळी डोके हलवले तर इजाही होऊ शकते. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड हे घरगुती उपाय आतल्या त्वचेची आग करतात, म्हणून तेही आम्ही बाजूला ठेवले. त्यानंतर उरला तो कानांसाठीच तयार केलेला द्रव.

या बाबतीत बाटली निर्दोष होती. तिचे टोक आखूड आणि मऊ आहे, त्यामुळे ते आत खुपसले जाण्याची भीती वाटत नाही. बाटली थोडा वेळ मुठीत धरून द्रव कोमट केला की चिकू दचकत नाही. गार द्रव एकदम कानात गेला तर कुत्र्याला गरगरल्यासारखे होऊ शकते, हे फार थोडे लोक लक्षात घेतात. नळी भरेल इतका द्रव घालायचा, कानाच्या मुळाशी बोटांनी अर्धा मिनिट हलके चोळायचे, आतून चुबुकचुबुक आवाज आला की हात काढून तिला डोके झटकू द्यायचे आणि जे वर आले असेल तेवढेच कापसाने टिपायचे. बोट जिथवर सहज पोहोचते, त्याच्या पुढे आपले काम नसते. पहिल्या काही आठवड्यांत कापसावर येणारा पिवळसर मळ कमी होत गेला आणि कानाला मंद, फुलांचा वास येऊ लागला. त्या वेळी मी अभिप्राय लिहिला असता तर पूर्ण तारे दिले असते.

मग चिकू एक कान फरशीला घासू लागली. बाहेरून कान स्वच्छ दिसत होता आणि वासही नेहमीचाच, म्हणजे बाटलीतल्या फुलांचा, येत होता. पशुवैद्यांनी दुर्बिणीने आत पाहिले, कापसावर थोडा मळ घेतला, काचपट्टीवर पसरून रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मॅलासेझिया नावाची यीस्ट, म्हणजे एक प्रकारची सूक्ष्म बुरशी, फार वाढली होती. ही यीस्ट निरोगी कानातही थोड्या प्रमाणात असते, परंतु ओल आणि मेण मिळाले की ती बेसुमार वाढते. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, ‘कानाला आंबूस वास येत नव्हता का?’ येत असणार. या वाढीची सर्वांत ओळखीची खूण म्हणजे तो उग्र, आंबूस वास, आणि आमच्या बाटलीने नेमका तोच झाकून टाकला होता.

माझी सगळी तक्रार याच एका मुद्द्याभोवती आहे. मालकापाशी सूक्ष्मदर्शक नसतो, नाक असते. कानाची पाळी उलटून वास घेणे ही घरी करता येण्यासारखी सर्वांत सोपी आणि फुकटची तपासणी आहे. लाली, सूज, खाज किंवा डोके एका बाजूला कलते ठेवणे ही लक्षणे पुष्कळदा त्रास वाढल्यावरच ठळक होतात. आपण पैसे देऊन जे विकत घेतो, त्यानेच ही फुकटची तपासणी बिघडवावी, हे मला पटत नाही. शिवाय मेणाचा थर विरघळवायला सुगंधाची काहीही मदत होत नाही, आणि आधीच चिडलेल्या त्वचेला सुगंधी द्रव्ये झोंबूही शकतात. हा सुगंध कुत्र्यासाठी घातलेला नाही, आपल्यासाठी घातला आहे.

हेच मी ग्राहक सेवेला सविस्तर कळवले आणि बिनवासाचा प्रकार मिळेल का, असे विचारले. उत्तर आले, तेही बऱ्याच स्मरणपत्रांनंतर, की दुर्गंध जाणवत असल्यास वापर दिवसाआड करावा. म्हणजे दुर्गंध दडपतो या तक्रारीवर दुर्गंध आणखी दडपण्याचा सल्ला! निरोगी कान बऱ्याच प्रमाणात स्वतःला साफ करत असतो. आतल्या त्वचेचा वरचा थर पडद्याकडून बाहेरच्या दिशेने हळूहळू सरकतो आणि मळही सोबत आणतो. त्याला सतत ओले ठेवले तर त्वचा मऊ पडून सोलवटते आणि संसर्गाला वाट मिळते. किती वेळा धुवायचे हे कान पाहून ठरते. स्वच्छ, फिकट गुलाबी आणि बिनवासाच्या कानाला हात न लावणेच उत्तम. पोहणाऱ्या किंवा मेण जास्त साठणाऱ्या कुत्र्याची गोष्ट वेगळी. वेष्टनावर सरसकट ‘दर आठवड्याला’ छापले की बाटल्या मात्र लवकर संपतात.

उपचार सुरू झाल्यावर मात्र माझे मत थोडे नरमले, आणि ते येथे नोंदवणे न्याय्य ठरेल. पडदा शाबूत असल्याची खात्री करून डॉक्टरांनी हाच द्रव औषधाच्या आधी वापरू दिला, कारण मळाचा थर असेल तर थेंब त्वचेपर्यंत पोहोचतच नाहीत. त्यातले सॅलिसिलिक अ‍ॅसिड मेण सैल करते आणि द्रवाचा आम्लपणा यीस्टला मानवत नाही. परंतु हे सर्वत्र लागू करू नये. आम्लधर्मी द्रवाने काही प्रतिजैविकांचा परिणाम घटतो, आणि पडदा फाटलेला असेल तर साध्या वाटणाऱ्या द्रवांमुळेही श्रवणशक्ती कायमची बिघडू शकते. म्हणून दुखऱ्या कानात घरची बाटली ओतण्यापूर्वी आत पाहून घ्यावे लागते, आणि ही सूचना वेष्टनावर इतक्या बारीक अक्षरांत आहे की ती न छापल्यातच जमा आहे. कान पुन्हा पुन्हा बिघडत असेल तर मुळाशी ॲलर्जी असण्याची शक्यता मोठी असते, आणि तिथे कोणतीही बाटली पुरत नाही.

गोचिडीच्या जातकुळीतल्या कानातल्या बारीक किड्यांविषयी वेष्टनावर मोघम आश्वासन आहे. त्यावर विसंबू नये. कॉफीच्या भुकटीसारखा काळपट, कोरडा मळ दिसला तर तपासणी करून किडे मारणारे औषधच द्यावे लागते, आणि त्यांची एक पिढी सुमारे तीन आठवड्यांत पूर्ण होत असल्यामुळे ते अर्ध्यावर सोडता येत नाही. घरातल्या इतर कुत्र्या-मांजरांवरही उपचार करावे लागतात, कारण हे किडे एकाकडून दुसऱ्याकडे सहज जातात.

मोठी बाटली मिलिलिटरच्या हिशेबाने स्वस्त पडते म्हणून मी ती घेतली होती. हिशेब कागदावर बरोबर आहे, परंतु प्रत्येक वापरात टोक कानाला लागत गेले तर आतला द्रवच दूषित होतो, म्हणून टोक दर वेळी पुसावे लागते आणि उघडल्याची तारीख बाटलीवर लिहावी लागते. कान निरोगी असताना वापर इतका कमी होतो की उघडल्यानंतर वापरण्याची मुदत संपण्यापूर्वी मोठी बाटली रिकामी होत नाही आणि वाचवलेले पैसे शेवटी मोरीत जातात. डॉक्टरांनी सुचवलेला बिनवासाचा द्रव छोट्या बाटलीत येतो आणि महाग पडतो. तो मी कुरकुरत घेतला आहे, आणि चिकूच्या कानाला सध्या कशाचाच वास येत नाही.