जळगाव की धुळे? दोस्तांसोबत एक दिवस

खाण्यात हिवाळ्यात जळगावच सरस. भरिताची हिरवी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजून, बडगीत (लाकडी भांड्यात) ठेचून, कांद्याची पात अन् हिरवी मिरची घालून केलेलं भरीत, सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो धुरकट वास येत नाही, म्हणून आधी विचारून घ्या. उन्हाळ्यात तसं वांगंच मिळत नाही. मग दोन्हीकडे शेवभाजी.

पाहण्यासाठी जळगावात गांधी तीर्थ (गांधीजींवरचं संग्रहालय, 2012 मध्ये सुरू), मेहरूण तलाव. फारशी दमछाक नाही. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ (इतिहासाची जुनी कागदपत्रं जपणारी संस्था) आणि महामार्गालगतचा लळिंग किल्ला. चढ उघड्यावर आहे, सकाळी लवकर निघा, माणशी दोन लिटर पाणी घ्या.

सोबत वडीलधारी असतील तर जळगाव. पायात दम आणि इतिहासाची ओढ असेल तर धुळे.