टू-स्ट्रोक डर्ट बाईक काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव: मुख्यतः ती सुरू का होत नाही याविषयी

अडीचशे सीसीची, कार्बोरेटर असलेली आणि फक्त किकवर सुरू होणारी ही गाडी मी जुनी घेतली, आणि गेले काही महिने ती चिखल, वाळू आणि दगडगोट्यांच्या चढांवर नियमित चालवतो आहे. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण पुढे जे लिहिले आहे ते या जातीच्या बहुतेक गाड्यांना सारखेच लागू पडते. चालवण्याच्या अनुभवाबद्दल थोडक्यात सांगायचे तर वजन कमी, सस्पेन्शन दणकट आणि ताकद मधल्या आरपीएमनंतर एकदम अंगावर येणारी. एकदा सुरू झाली की तक्रारीला जागा नाही. सारा प्रश्न त्या सुरू होण्याचाच आहे आणि घेणाऱ्याला सर्वांत कमी माहिती त्याचीच दिली जाते, म्हणून हा मजकूर बहुतांशी त्याबद्दल आहे.

गाडी सुरू झाली नाही की पहिला सल्ला नवा प्लग टाकण्याचा मिळतो. नव्या प्लगवर गाडी बहुतेकदा सुरू होतेही, आणि नेमके तेच वाईट आहे. कारण प्लग खराब करणारे मूळ कारण जागच्या जागी राहते आणि थोड्याच दिवसांत दुसरा प्लग काळा पडतो. माझ्या मते प्लग बदलण्यापूर्वी तो वाचावा. चोक ओढून काही किका मारल्यानंतर काढलेला प्लग कोरडा असेल, तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही. ओला असेल, तर पेट्रोल पोहोचते पण पेटत नाही. या एका पाहणीने शोधाचा निम्मा भाग बाद होतो, आणि त्यासाठी प्लगचा पाना सोडून दुसरे कोणतेही हत्यार लागत नाही.

कोरड्या प्लगच्या बाबतीत पेट्रोलचा कॉक आणि टाकीच्या झाकणावरची हवेची नळी पाहून झाली की संशय सरळ पायलट जेटवर, म्हणजे कमी ॲक्सिलरेटरवर पेट्रोल देणाऱ्या कार्बोरेटरमधल्या बारीक पितळी नळीवर घ्यावा. या जेटचे छिद्र सहसा अर्ध्या मिलिमीटरहून लहान असते. गाडी बरेच दिवस उभी राहिली की कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल उडून जाते, आत मिसळलेले ऑईल चिकट थर होऊन मागे राहते आणि हे छिद्र सर्वांत आधी बुजते. जेट उजेडासमोर धरून डोळ्याला लावला की आरपार दिसणारा ठिपका पूर्ण गोल दिसला पाहिजे. कडा जराशी दातेरी किंवा चपटी दिसली तरी तो अर्धवट बंद आहे असे समजावे. तार घालून टोकरणे टाळावे, कारण पितळ मऊ असते आणि छिद्र किंचित मोठे झाले तरी त्या जेटवर छापलेल्या आकड्याला अर्थ उरत नाही. कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवून दाबाची हवा मारणे पुरेसे होते. गाडी केवळ चोकवर चालते आणि चोक बंद करताच मरते, ही या बिघाडाची ठळक खूण आहे.

चोकविषयी एक गोष्ट गाडीसोबतच्या पुस्तिकेत ठळकपणे छापायला हवी होती. या कार्बोरेटरमध्ये चोक म्हणजे हवा अडवणारी झडप नसून जादा पेट्रोल देणारी वेगळी वाट असते, आणि स्लाइड (ॲक्सिलरेटरने वर-खाली होणारा कार्बोरेटरमधला पडदा) बंद असताना तयार होणाऱ्या ओढीवरच ती काम करते. त्यामुळे थंड गाडीला चोक ओढून किक मारताना ॲक्सिलरेटर पिळला की ती ओढ नाहीशी होते आणि चोक असून नसल्यासारखा होतो. हात ग्रिपवर सैल ठेवावा, पिस्टन वरच्या टोकाला आणून किकचा पूर्ण दांडा शेवटपर्यंत दाबावा. घाईघाईने मारलेल्या अर्ध्या किकांनी पाय तेवढा दुखतो.

प्लग ओला असेल तर दोन शक्यता उरतात: पेट्रोल जास्त झाले आहे किंवा करंट कमी पडतो आहे. पेट्रोल जास्त झाले असल्यास कॉक आणि चोक बंद करून, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा धरून किका माराव्यात. तरीही भागले नाही तर प्लग काढून सिलिंडर मोकळा करावा आणि कोरडा प्लग लावावा. वाटीच्या नळीतून पेट्रोल सतत ठिबकत असेल तर फ्लोटची (वाटीतली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) सुई नीट बसत नाही, आणि ती दुरुस्त होईपर्यंत बाकी सर्व श्रम वाया जातात. या टप्प्यावर पुष्कळ लोक पेट्रोलमधले ऑईल कमी करतात, आणि त्याला माझा स्पष्ट विरोध आहे. टू-स्ट्रोकमध्ये ऑईल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते, आणि प्रमाण ४०:१ सांगितले असेल तर ५ लिटर पेट्रोलला १२५ मिलिलिटर ऑईल मापूनच घालावे. ऑईल कमी केल्याने पिस्टन आणि बेअरिंगचे आयुष्य घटते. शिवाय ऑईल घटले की त्याच जेटमधून जाणाऱ्या मिश्रणात पेट्रोलचा वाटा वाढतो, म्हणजे ज्या प्लगसाठी हा खटाटोप केला त्याच्याच वाट्याला आणखी पेट्रोल येते.

करंट तपासताना प्लग टोपीत बसवून त्याचे धातूचे अंग सिलिंडर हेडला टेकवावे, मात्र प्लगच्या भोकापासून लांब, कारण तेथून बाहेर येणारी पेट्रोलची वाफ ठिणगीने पेटू शकते. उघड्या हवेत दिसलेल्या ठिणगीवर फार विसंबू नये. दाबाखाली तीच ठिणगी विझते, म्हणून फट वाढवता येणारा स्पार्क टेस्टर मला या महिन्यांत फार उपयोगी पडला. ठिणगी अजिबात नसेल तर स्टेटर (करंट तयार करणारी कॉइल) आणि सीडीआयकडे (ठिणगीची वेळ साधणारा इलेक्ट्रॉनिक डबा) वळण्यापूर्वी किल स्विचची वायर सोडवून पाहावी. हे स्विच करंट जमिनीला जोडून इंजिन बंद करतात, त्यामुळे गाडी धुतल्यानंतर आत पाणी राहिले की इंजिन कायमचे बंदच धरले जाते. प्लगची टोपीही बहुधा वायरवर पिळून बसवलेली असते. ती काढून वायरचे हिरवट पडलेले टोक थोडे छाटून परत बसवण्यास पाच मिनिटे लागतात.

पेट्रोल आणि करंट दोन्ही ठीक असूनही गाडी दाद देत नसेल, तेव्हा कॉम्प्रेशन गेज घ्यावे. ॲक्सिलरेटर पूर्ण उघडून, काटा वर चढायचा थांबेपर्यंत किका माराव्यात. १२० पीएसआयच्या (दाबाचे एकक) खाली आकडा आला तर या आकाराच्या इंजिनाच्या रिंगा किंवा पिस्टन संपत आल्याचे मी धरतो. पण गेज बदलले की आकडा बदलतो, म्हणून एकाच गेजने वेळोवेळी घेतलेल्या नोंदी अधिक विश्वासाच्या.

माझ्या गाडीचा खरा आजार मात्र याच्याही खाली, क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या क्रँकच्या पेटीत निघाला. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण आधी क्रँककेसमध्ये शिरते, तेथे दाबले जाते आणि मग वर ढकलले जाते. म्हणून पिस्टनच्या वरच्या बाजूइतकीच खालची बाजूही हवाबंद असावी लागते. फ्लायव्हीलकडचे ऑईल सील फुटले तर बाहेरची हवा आत येते, मिश्रण पातळ होते (हवा जास्त, पेट्रोल कमी), आयडल म्हणजे ॲक्सिलरेटर न पिळतानाची इंजिनाची गती आपोआप चढते आणि इंजिन जॅम होण्याचा धोका संभवतो. क्लचकडचे सील फुटले तर गिअर ऑईल आत ओढले जाते. माझ्याकडे दुसरा प्रकार होता: जमिनीवर एक थेंब न पडता गिअर ऑईलची पातळी उतरत होती, इंजिन तापल्यावरही पांढरट धूर थांबत नव्हता आणि प्रत्येक नवा प्लग तेलकट होऊन निघत होता. इनटेक आणि सायलेन्सरची तोंडे रबरी बुचांनी बंद करून सुमारे ६ पीएसआय हवा भरली, तेव्हा काही मिनिटे जागेवर राहायला हवा असलेला काटा डोळ्यांदेखत खाली आला. बाहेरच्या जोडांवर साबणाच्या पाण्याचा एकही बुडबुडा नव्हता, पण गिअर ऑईल भरण्याच्या तोंडावर लावलेला फेस मात्र फुगत होता. हे सील बहुतेक गाड्यांत इंजिन न फाडता, क्लचचे झाकण आणि प्रायमरी गिअर काढून बदलता येते. फ्लायव्हीलच्या बाजूसाठी पुलर लागतो. दोन्ही सील एकाच वेळी बदलून घेतली. त्याच उघड्या अवस्थेत रीड व्हॉल्व्हही (मिश्रण एकाच दिशेने आत सोडणाऱ्या पातळ पाकळ्यांची झडप) उजेडासमोर धरून पाहिले. पाकळी आणि तिची बैठक यांच्यामधून प्रकाशाची रेघ दिसली किंवा पाकळीचे टोक झडलेले असले, तर किक मारताना मिश्रण कार्बोरेटरकडे उलटे फेकले जाते.

त्यानंतर थंड गाडी दोन-तीन किकांत सुरू होते आणि प्लग कोरड्या तपकिरी रंगाचा निघतो. ज्यांना बटण दाबून निघायचे आहे त्यांनी इलेक्ट्रिक स्टार्टची गाडी घ्यावी; ज्यांना हातात पाना धरण्याचा कंटाळा नाही त्यांना ही गाडी सुचवण्यास मला संकोच वाटत नाही, कारण हिच्यातले भाग मोजके आहेत आणि जवळपास प्रत्येक बिघाड घरी शोधता येतो. एक तक्रार अद्याप शिल्लक आहे: चढावर आडवी पडून काही वेळ तशीच राहिली, तर तापलेले इंजिन पेट्रोलने भरते आणि पूर्ण उघड्या ॲक्सिलरेटरवर बऱ्याच किका मारल्याशिवाय ऐकत नाही. पडताक्षणी कॉक बंद करण्याची सवय लावल्यापासून हे प्रमाण घटले आहे. फ्लोटची उंची पुस्तिकेतील मापाशी पुन्हा ताडून पाहायची आहे.