व्हीएममधल्या ट्रूनासला डिस्क कशा द्यायच्या: आख्खा कंट्रोलर, एकेक डिस्क, का दुसराच रस्ता

तालुक्याच्या गावात लग्नाचं शूटिंग करणारे, सेवा केंद्र चालवणारे, शाळेतले कॉम्प्युटर सांभाळणारे, अशा बऱ्याच जणांचा सध्या एकच बेत चालू आहे. नागपूर नाहीतर अमरावतीहून सेकंडहँड वर्कस्टेशन आणायचं, त्यावर प्रॉक्समॉक्स (एका मशीनवर अनेक मशीन चालवणारी सिस्टिम) टाकायचं, मग एक विंडोजची व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, बिलिंगसाठी, एक कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगसाठी आणि एक ट्रूनास (डिस्क सांभाळून नेटवर्कवर फाइली देणारी सिस्टिम), म्हणजे सगळा डेटा एका जागी. बेत चांगला आहे, मी स्वतः अशा मशीन लावून देतो. पण अडते ते एकाच ठिकाणी, ट्रूनासला डिस्क द्यायच्या कशा आणि दिल्यावर त्या दिसत काहून नाही. म्हणून सगळे पर्याय शेजारी शेजारी ठेवतो, आणि माझं मत आधीच सांगून टाकतो: कार्ड लावता येत असेल तर आख्खा कंट्रोलर द्या, येत नसेल तर व्हीएममधल्या ट्रूनासचा हट्ट सोडा, पण एकेक डिस्क देऊन मधला मार्ग काढू नका भाऊ.

आधी आख्खं एचबीए कार्ड, म्हणजे डिस्क जोडायचं कंट्रोलर कार्ड, देणं. जुन्या सर्व्हरमधून निघालेलं एलएसआय ९२११-८आय, आयबीएम एम१०१५, डेल एच२००, नावं वेगळी असली तरी आत चिप एकच, एसएएस२००८. हे कार्ड सरळ व्हीएमला दिलं, यालाच पासथ्रू म्हणतात, की प्रॉक्समॉक्स मधून पूर्ण बाजूला होते आणि ट्रूनासला खरी डिस्क दिसते, खरा मॉडेल नंबर, खरा सिरियल नंबर, तापमान, स्मार्टची, म्हणजे डिस्कच्या तब्येतीची, सगळी माहिती. डिस्क खराब व्हायला लागली की ट्रूनास स्वतःच सांगते. आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठी गोष्ट ही की उद्या मदरबोर्ड जळला तर त्याच डिस्क दुसऱ्या कोणत्याही मशीनच्या साध्या साटा पोर्टला लावा, ट्रूनास टाका, पूल (डिस्क एकत्र करून बनवलेला साठा) इम्पोर्ट करा, डेटा जिथल्या तिथं. गावात बसून त्याच मॉडेलचं कार्ड शोधत फिरायची पाळी येत नाही.

अर्थात कार्ड आयटी मोडमध्ये, म्हणजे डिस्क जशीच्या तशी पुढं देणाऱ्या फर्मवेअरवर, असलं तरच. यातली बरीच कार्डं रेड (डिस्क एकत्र बांधणारं) फर्मवेअर घेऊनच येतात, एम१०१५ तर मेगारेडवालं, आणि रेड फर्मवेअरचं कार्ड बऱ्याचदा डिस्क स्वतःकडं ठेवून घेते, वर दाखवते ते त्यानं बनवलेलं व्हॉल्यूम, आणि व्हॉल्यूम बनवलंच नसेल तर कधी कधी काहीच दाखवत नाही. "पासथ्रू बरोबर झालं पण ट्रूनासमध्ये डिस्कची यादी रिकामी" ही तक्रार आली की मी आधी फर्मवेअर पाहतो. विकणाऱ्याला फोनवरच विचारा, आयटी मोड फ्लॅश करून देतो का, देत असेल तर शेदोनशे जास्त गेले तरी चालतील, कारण घरी फ्लॅश करताना मधेच लाईट गेली तर कार्ड कामातून जाऊ शकते.

दुसरी अट मशीनची. बायोसमध्ये व्हीटी-डी (कार्ड सरळ व्हीएमला देता येण्याची सोय) चालू पाहिजे, एएमडीत त्यालाच आयओएमएमयू म्हणतात. इथं बरेच जण फसतात कारण व्हीटी-एक्स चालू असलं की व्हीएम मस्त चालतात आणि वाटते झालं सगळं, पण व्हीटी-एक्स वेगळं आणि व्हीटी-डी वेगळं, काही स्वस्त बोर्डांत दुसरं नसतेच, तेव्हा पैसे देण्याआधी बायोस उघडून पाहा. जुन्या कर्नलवर इंटेलसाठी बूट लाईनमध्ये आयओएमएमयू चालू करावं लागायचं, प्रॉक्समॉक्सच्या ६.८ कर्नलपासून ते आपोआप चालू असते. त्यानंतर पाहायचं ते आयओएमएमयू ग्रुप, म्हणजे एकत्रच व्हीएमला देता येणाऱ्या डिव्हाइसचे गट. कार्ड आपल्या ग्रुपात एकटं असेल तर छान, पण त्याच ग्रुपात लॅनकार्ड किंवा यूएसबी कंट्रोलर बसला असेल तर ते पण सोबत जाते, मग व्हीएम चालू केली की होस्टचं, म्हणजे प्रॉक्समॉक्सवाल्या मूळ मशीनचं, नेटवर्क गायब. अशा वेळी आधी कार्ड दुसऱ्या स्लॉटात लावून पाहा, प्रोसेसरला सरळ जोडलेल्या स्लॉटात बहुतेक वेळा काम होते. एसीएस ओव्हरराइड नावाचा एक तोडगा प्रॉक्समॉक्सच्या कर्नलमध्ये आहे, तो ग्रुप जबरदस्तीनं फोडते, पण हार्डवेअरमध्ये नसलेलं अंतर कागदावर दाखवल्यासारखं आहे ते, लोकांचे लग्नाचे फोटो ज्या मशीनवर आहेत तिथं मी तो वापरत नाही.

आणि रॅमचा हिशोब करा. पीसीआय कार्ड दिलेल्या व्हीएमची पूर्ण रॅम चालू होतानाच अडकून पडते, बलूनिंग (रॅम गरजेप्रमाणं कमीजास्त करणं) चालत नाही. मशीन १६ जीबीची आणि ट्रूनासला कमीत कमी ८ द्यायची, म्हणजे बाकीच्यांना जे उरते त्यात विंडोज रडतच चालणार. ३२ जीबी घ्या राजेहो, जुन्या डीडीआर४ स्टिक घेतल्या तरी चालतील.

आता डिस्क दिसत नाही तेव्हा शोधायचं कुठून. माझा क्रम ठरलेला आहे, व्हीएम बंद करतो, पासथ्रू काढतो, आणि कार्ड होस्टच्याच ताब्यात देऊन पाहतो. होस्टवर कार्डाचा एमपीटी३एसएएस ड्रायव्हर लागल्यावर डिस्क दिसल्या तर केबल, पॉवर, कार्ड सगळं बरोबर आहे, भानगड सेटिंगमध्ये आहे. होस्टलाच दिसल्या नाहीत तर व्हर्च्युअलायझेशनच्या मागं लागून रात्र घालवू नका, पेचकस घ्या.

पेचकसवाल्या बाजूला बहुतेक वेळा केबल निघते. एसएफएफ-८०८७ मधून चार साटा तोंडं निघणारी केबल दोन प्रकारची असते, फॉरवर्ड आणि रिव्हर्स, बाहेरून दोघी हुबेहूब सारख्या, पण कार्डाकडून डिस्ककडं जायला फॉरवर्डच लागते, रिव्हर्स लावली तर एकही डिस्क दिसणार नाही. दुसरं, यूएसबी डब्यातून काढलेल्या काही डिस्क पॉवरच्या ३.३ व्होल्टवाल्या तिसऱ्या पिनवर करंट आला की फिरतच नाहीत, तो पॉवर डिसेबलचा प्रकार आहे, डिस्क मेलेली नसते. कान लावून पाहा, फिरायचा आवाजच नसेल तर त्या पिनवर कॅप्टॉन टेप (इन्सुलेशनची टेप) लावा. तिसरं, सर्व्हरमधल्या जुन्या एसएएस डिस्क कधी कधी ५२० बाइटच्या सेक्टरवर फॉरमॅट असतात, दिसतात पण पूलमध्ये घेता येत नाहीत, त्या ५१२ वर फॉरमॅट कराव्या लागतात आणि त्याला तासन्‌तास लागतात.

सेटिंगच्या बाजूला पाहायचं ते हे: एलएसपीसीआय ही कमांड -k लावून मारल्यावर कार्डापुढं ड्रायव्हर व्हीएफआयओ-पीसीआय (कार्ड व्हीएमसाठी राखून ठेवणारा) दिसते का. व्हीएम चालू असताना तिथं एमपीटी३एसएएसच दिसत असेल तर होस्टनं कार्ड सोडलंच नाही, मग मॉडप्रोबच्या फाइलीत कार्डाचा आयडी टाकून, व्हीएफआयओ आधी लोड होईल असं करून इनिटरॅमएफएस (बूट होताना आधी लोड होणारी फाइल) पुन्हा बनवावं लागते. व्हीएमच्या सेटिंगमध्ये मशीनचा प्रकार क्यू३५ ठेवा. आणि व्हीएम सुरू होताना कार्डाच्याच बायोस स्क्रीनवर अडकली तर पीसीआय डिव्हाइसमधली रॉम-बारची खूण काढून टाका, डिस्कला त्यानं काही होत नाही. नवीन एनव्हीएमई एसएसडी बसवल्यावर सगळं बिघडलं असं वाटलं तर पीसीआयचे पत्ते सरकले असतील, व्हीएमला भलतंच डिव्हाइस जात असेल.

आणि आपल्या भागाचं खास दुखणं म्हणजे ऊन. ही कार्डं सर्व्हरच्या जोरदार हवेसाठी बनलेली आहेत, त्यांच्यावर फक्त एक छोटं हीटसिंक असते, पंखा नसतो. दिग्रसकडच्या एका स्टुडिओत मे महिन्यात दुपारी कॉपी चालू असतानाच चारही डिस्क एकदम जायच्या आणि रात्री मशीन चालू केली की चारही हजर. स्टुडिओवाला डिस्क बदलायला निघाला होता. पण चार डिस्क एकाच क्षणी मरत नसतात, एकदम सगळ्या जातात तेव्हा त्यांच्यात जे एक आहे तिथं पाहायचं, कार्ड नाहीतर पॉवर. केस उघडली तर हीटसिंकवर बोट टिकत नव्हतं आणि पात्यांमध्ये सरकीच्या तंतूची गादी झाली होती, समोरच जिनिंग आहे. ब्लोअरनं साफ केलं, कार्डाची थर्मल पेस्ट बदलली, ४० एमएमचा पंखा हीटसिंकवर बांधला, त्यानंतर दुपारची ती तक्रार आली नाही. ज्यांच्याकडं चंद्रपूर-ब्रह्मपुरीसारखी पंचेचाळीसच्या वरची दुपार आहे त्यांनी कार्डासोबत पंख्याचे पैसे धरूनच चालायचं.

मदरबोर्डवरचाच साटा कंट्रोलर देता येते का, तर येते, कार्डाचे पैसे वाचतात, पण प्रॉक्समॉक्स एनव्हीएमईवर पाहिजे, नाहीतर तुम्ही होस्टच्या बुडाखालचीच डिस्क काढून व्हीएमला देऊन राहिले. शिवाय इंटेल बोर्डांवर तो कंट्रोलर बऱ्याचदा चिपसेटच्या इतर गोष्टींसोबत एकाच ग्रुपात असते. त्यापेक्षा एएसएम११६६ चिपचं सहा पोर्टांचं साटा कार्ड बरं, गरम कमी होते आणि फ्लॅशिंगची कटकट नाही. फक्त दहा-वीस पोर्टांची स्वस्त कार्डं घेऊ नका, त्यात पोर्ट मल्टिप्लायर (एका पोर्टाचे अनेक करणाऱ्या चिप) असतात आणि लोड आला की डिस्क गळतात.

आता एकेक डिस्क देणं, जे सगळ्यात सोपं दिसते. डिस्कचा बाय-आयडीचा (न बदलणारा) पत्ता टाकून एक कमांड मारली की डिस्क व्हीएममध्ये, ना व्हीटी-डी, ना कार्ड. लगेच दिसते म्हणून लोक खूश होतात. पण ट्रूनासमध्ये मॉडेलच्या जागी क्यूईएमयू हार्डडिस्क असं लिहून येते, सिरियल नंबर नसते, स्मार्ट येत नाही. सिरियल नसल्यामुळं पूल बनवतानाच डुप्लिकेट सिरियलची अडचण येते, ती कॉन्फिगमध्ये हातानं सिरियल टाकून सुटते हे खरं. स्मार्ट होस्टवरून पाहता येते हेही खरं. पण मग डिस्कच्या तब्येतीची खबर एका जागी, पूलची दुसऱ्या जागी, आणि दोन्ही पाहणारा माणूस गावात नसतो. त्याहून मोठा धोका असा की डिस्क होस्टला पण दिसतच राहतात. कोणी होस्टवर बसून तोच पूल जबरदस्तीनं इम्पोर्ट केला आणि व्हीएम पण चालू असली, तर दोन सिस्टिम एकाच पूलवर लिहिणार आणि पूल जाणार, त्याला दुरुस्ती नाही. जुन्या डिस्कमधून एकदाच डेटा काढायचा असेल तर ही पद्धत वापरा, कायमसाठी नको. यूएसबी डब्यातल्या डिस्क पूलला देणं तर त्याहून वाईट.

होस्टच्या झेडएफएसवर (ट्रूनासही वापरते ती फाइल सिस्टिम) व्हर्च्युअल डिस्क बनवून त्यावर ट्रूनासचा झेडएफएस, हे शिकायला ठीक आहे. कॅशेचा पर्याय राइटबॅक अनसेफ मात्र कधीच नको, त्यात डिस्कवर लिहून झाल्याची खात्री होस्ट खोटी देते, आणि भारनियमनाच्या गावात ते खोटं पकडायला एक झटका पुरे.

ज्यांच्या मशीनमध्ये स्लॉट नाही किंवा व्हीटी-डी नाही त्यांनी काय करायचं? झेडएफएस प्रॉक्समॉक्सलाच सांभाळू द्या आणि एका छोट्या कंटेनरमध्ये (व्हीएमपेक्षा हलका डबा) सांबा, म्हणजे विंडोजला फाइली शेअर करणारं सॉफ्टवेअर, टाकून शेअर काढा. ट्रूनासची सुंदर स्क्रीन मिळत नाही, युजर आणि परवानग्या हातानं कराव्या लागतात, पण डिस्क खऱ्या दिसतात, स्मार्ट एकाच जागी, रॅम अडकत नाही, आणि मधला थरच नसल्यामुळं बिघाड शोधायच्या जागा कमी. ८-१६ जीबीच्या मशीनसाठी मी हेच लावतो. आणि ज्याला फक्त फोटोच ठेवायचे, दुसरी व्हीएम कोणतीच नको, त्यानं ट्रूनास सरळ मशीनवर टाकावं, व्हर्च्युअलचा फायदाच नाही तर त्याचा त्रास काहून घ्यायचा.

लाईटचं सगळ्यांना सारखंच लागू आहे. यूपीएसची यूएसबी केबल होस्टला लावा, नट (एनयूटी, यूपीएसवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर) सेट करा, ट्रूनासमध्ये गेस्ट एजंट चालू ठेवा म्हणजे होस्ट बंद होताना ट्रूनास नीट बंद होईल, आणि सुरू होताना ट्रूनास पहिलं, त्यावर अवलंबून असलेल्या व्हीएम दोन-तीन मिनिटं थांबून. इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस नको असं म्हणू नका, इन्व्हर्टर मशीनला सांगत नाही की बॅटरी संपत आली.

कोणताही पर्याय घ्या, खरा डेटा टाकण्याआधी रिकाम्या पूलवर एक परीक्षा करा. प्रत्येक डिस्कच्या कडेला सिरियलचे शेवटचे चार आकडे मार्करनं लिहा, मशीन बंद करून एक डिस्क काढा, चालू करा, आणि पाहा की कोणती गेली हे ट्रूनास त्याच नंबरानं सांगते का. मग ती परत लावा आणि पूल पुन्हा नीट झाला का ते पाहा. आपण काढलेला नंबर आणि स्क्रीनवरचा नंबर जुळला नाही, तर त्या मशीनवर अजून एकही फोटो टाकू नका.