रोनस हिल की हरमनेस : शेटलंडच्या उत्तरेकडील दोन डोंगरांचा तुलनात्मक आढावा

स्कॉटलंडच्या ईशान्येला, ६० अंश उत्तर अक्षांशावर असलेल्या शेटलंड बेटांवर जाणाऱ्या बहुतेकांच्या हाती चार-पाच दिवसांहून अधिक वेळ नसतो, आणि त्यातही डोंगरावर चालण्याजोगा, वारा आणि धुके दोन्ही आटोक्यात असलेला दिवस जेमतेम एखादाच निघतो. तो दिवस कुठे घालवावा, हा प्रश्न बहुधा दोन नावांपाशी येऊन थांबतो. मेनलँड या मुख्य बेटाच्या उत्तर भागातील रोनस हिल हे पहिले नाव, आणि अन्स्ट या ब्रिटनमधील सर्वांत उत्तरेकडच्या वस्तीच्या बेटावरील हरमनेस हे दुसरे. रोनस हिल ४५० मीटर उंच असून शेटलंडमधील सर्वोच्च शिखर आहे. हरमनेसचा माथा २०० मीटरांच्या आसपास भरतो. हे आकडे कळसूबाईच्या १६४६ मीटरांशी ताडून पाहिले, तर सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला दोन्ही डोंगर किरकोळ वाटतील. प्रत्यक्षात या अक्षांशावर ४०० मीटरांच्या वर जे हवामान आणि जी भूमी भेटते, ती उंचीच्या आकड्यावरून ओळखता येत नाही, आणि माझ्या मते रोनस हिलचे सगळे महत्त्व याच गोष्टीत आहे.

लर्विक या शेटलंडच्या मुख्य शहरातून उत्तरेला निघालेला रस्ता मेविस ग्राइंड या चिंचोळ्या भूपट्टीवरून नॉर्थमेव्हिन भागात शिरतो. तिथे एका हाताला अटलांटिक महासागर असतो, दुसऱ्या हाताला उत्तर समुद्राकडे उघडणारी खाडी, आणि मधली जमीन शंभर मीटरही रुंद नाही. तिथून पुढे कोलाफर्थ हिलवरील मनोऱ्यांपर्यंत गाडीरस्ता आहे. लर्विकपासून तासाभराहून थोड्या अधिक वेळात गाडी दोनशे मीटरांच्या वर पोहोचवते, त्यामुळे प्रत्यक्ष चढ फारसा उरत नाही. पुढचे तीन-चार किलोमीटर मात्र पायवाट नाही. मिड फील्ड या मधल्या उंचवट्याला वळसा घालून किंवा तो ओलांडून, लाल ग्रॅनाइटच्या खडकाळ उतारावरून आपली वाट आपणच काढावी लागते. जाऊन-येऊन तीन ते चार तास धरावेत. वेगाने चालणाऱ्याला कमी लागतील, पण इथे वेगाने चालणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही.

याचे कारण पायाखालीच आहे. माथ्याकडचा उतार दुरून निव्वळ खडीचा दिसतो. जवळ जाऊन पाहिले की तो पायऱ्यांमध्ये विभागलेला असल्याचे लक्षात येते. प्रत्येक पायरीचा सपाट भाग उघड्या लाल खडीचा असतो, आणि तिची उतरती कड मात्र शेवाळ, गवत आणि खुरट्या झुडपांनी बांधून ठेवलेली असते. जिथे जमीन सपाट आहे तिथे हीच वनस्पती पट्ट्यापट्ट्यांनी वाढते : एक पट्टा हिरवा, एक उघडा, पुन्हा एक हिरवा. ही रचना वारा आणि गोठवणारी थंडी यांनी मिळून केलेली आहे. वारा बर्फ साठू देत नाही, त्यामुळे जमिनीला बर्फाचे पांघरूण मिळत नाही. दमट मातीतले पाणी हिवाळाभर वारंवार गोठते आणि वितळते. गोठताना ते खडी उचलते, वितळताना ती उताराकडे किंचित सरकते, आणि ज्या ठिकाणी एखादे रोप तग धरते त्याच्या आडोशाला पुढचे रोप उभे राहते. हे काम हिमयुगाबरोबर संपलेले नाही, आजही चालू आहे. स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवर अशा रचना पाहायला याहून बऱ्याच उंच डोंगरांवर जावे लागते. इथले विलोचे झुडूप बोटभर उंचीपलीकडे जात नाही, आणि जमिनीला चिकटून पसरणाऱ्या अझेलिया या झुडपाची गुलाबी फुले पाहायची तर गुडघ्यांवर बसावे लागते. शेटलंड हे युनेस्कोचे जागतिक भूउद्यान, म्हणजे भूशास्त्रीय वारशासाठी मान्यता मिळालेला प्रदेश आहे, आणि त्या मान्यतेला साजेशी जमीन ज्याला तळव्याखाली अनुभवायची आहे, त्याने या माथ्यावर अर्धा दिवस तरी काढावा.

म्हणूनच एक विनंती आग्रहाने करावीशी वाटते. या माथ्यावरचे दगड उचलून नवे ढीग रचू नयेत, आणि चालताना पायऱ्यांच्या हिरव्या कडांवर पाय न देता शक्यतो खडकांवरून जावे. एक बूट घसरला की बऱ्याच हिवाळ्यांत बांधली गेलेली कड सुटते, आणि ती पुन्हा बांधली जायला तितकेच हिवाळे लागतात.

शिखरावर नवाश्मयुगातील दफनकक्ष आहे. मोठमोठ्या ग्रॅनाइट दगडांचा ढीग, त्यात शिरणारा बुटका मार्ग आणि आत लहानसा कक्ष, असे त्याचे स्वरूप असून तो आजही बऱ्यापैकी शाबूत आहे. तो संरक्षित स्मारक आहे, त्यामुळे आडोशासाठी त्याचे दगड हलवणे गैर आहे. निरभ्र दिवशी तिथून नैर्ऋत्येला समुद्रात उभे असलेले फाउला बेट आणि ईशान्येला अन्स्ट दोन्ही दिसतात. ज्यांच्याजवळ पूर्ण दिवस आणि भक्कम गुडघे आहेत, त्यांनी पश्चिमेकडे उतरून लांग एअर हा लाल कड्यांखालचा लांबलचक गोट्यांचा किनारा गाठावा. मात्र शेवटचा उतार तीव्र घळीचा आहे आणि समुद्रपातळीपासून परत सगळे चढून यायचे आहे, हे निघण्यापूर्वीच मनाशी पक्के असावे. दक्षिणेला रोनस व्हो ही लांब खाडी आहे. १६७४ मध्ये तिथे आश्रयाला आलेले एक डच व्यापारी जहाज इंग्रजांनी लढून ताब्यात घेतले, आणि त्यात पडलेल्या खलाशांच्या दफनाची जागा खाडीकाठी हेलर इथे दाखवली जाते. डोंगराच्या उत्तरेकडील नॉर्थ रो भाग लहान-लहान तळ्यांनी भरलेला असून त्या तळ्यांवर लाल गळ्याचे डायव्हर पक्षी वीण घालतात. घरटे असलेल्या तळ्याच्या काठाशी रेंगाळू नये. त्यांना वीणकाळात त्रास देणे कायद्याने गुन्हा आहे.

हरमनेसची गोष्ट अगदी वेगळी. तिथे जमीन पाहायची नसते असे नाही, पण पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराच्या, दलदलीने झाकलेला तो डोंगर हा खरे तर समुद्रकड्यांपर्यंत पोहोचण्याचा रस्ता आहे. १९५५ पासून ते राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र आहे. बराफर्थ या खाडीच्या टोकाशी गाडी लावली की बांधलेली वाट आणि फळ्यांचा मार्ग दलदलीवरून पश्चिम किनाऱ्याच्या कड्यांवर नेतो, आणि मग एकाएकी वास, कोलाहल आणि हालचाल यांचा मारा सुरू होतो. हजारो गॅनेट पक्ष्यांनी पांढरे झालेले खडक, गवताळ कडांवरील बिळांपाशी उभे पफिन पक्षी, आणि उत्तरेला मकल फ्लगाच्या खडकावर उभारलेले दीपगृह. त्या दीपगृहाचा दिवा पहिल्यांदा १८५४ मध्ये लागला आणि १९९५ मध्ये ते स्वयंचलित झाले. त्याच्याही पलीकडे आउट स्टॅक हा ब्रिटनचा शेवटचा खडक आहे. बराफर्थच्या दोन बाजूंच्या डोंगरांवर हर्मन आणि साक्सी हे दोन राक्षस राहत आणि एकमेकांवर धोंडे फेकत, अशी स्थानिक दंतकथा आहे. एका जलकन्येच्या मागे उत्तर ध्रुवाकडे पोहत जाताना दोघेही बुडाले, असे ती सांगते, आणि त्या कड्यांवर उभे राहिल्यावर ती तिथेच का जन्मली हे समजते.

या डोंगरावर आणखी एक इतिहास आहे आणि तो अजून चालू आहे. बॉन्क्सी या नावाने इथे ओळखला जाणारा मोठा स्कुआ पक्षी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिकारीमुळे नामशेष होण्याच्या बेतात होता. जमीन ज्यांच्या ताब्यात होती त्या एडमन्स्टन कुटुंबाने १८३१ पासून हरमनेसवर त्याला संरक्षण दिले, आणि मोजक्या जोड्यांपासून जगातील मोठ्या वसाहतींपैकी एक इथे उभी राहिली. २०२१ आणि २०२२ मध्ये आलेल्या बर्ड फ्लूने ते काम मोठ्या प्रमाणावर उलटवले. त्यानंतरच्या पाहणीत ब्रिटनमधील पाहिलेल्या जागांवर या पक्ष्यांची संख्या ७६ टक्क्यांनी घटलेली आढळली. जुन्या प्रवासवर्णनांत डोक्यावर झेपावणाऱ्या बॉन्क्सींच्या झुंडी वाचून जाणाऱ्याने ही घट लक्षात ठेवावी. मेलेल्या किंवा आजारी पक्ष्याला हात लावू नये आणि वाट सोडून त्यांच्या हद्दीत शिरू नये.

आता निवडीचा प्रश्न. पहिली कसोटी ऋतूची आहे. पफिन एप्रिलमध्ये येतात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला निघून जातात. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत जाणाऱ्याने, विशेषतः पहिल्यांदा जाणाऱ्याने, हरमनेस निवडावे. त्या काळात त्याला तोड नाही. ऑगस्टच्या मध्यानंतर जाणाऱ्याला माझा सल्ला बिनदिक्कत रोनस हिलचा आहे, कारण पक्षी गेल्यावर हरमनेसचे कडे सुंदरच राहतात, पण दोन सामुद्रधुन्या ओलांडून जाण्याचे मुख्य कारण उरत नाही.

दुसरी कसोटी हवेची. ढग टेकले की रोनसच्या माथ्यावर सगळ्या दिशा सारख्या दिसतात. वाट नाही, खुणा मोजक्याच, मोबाइलचा भरवसा नाही. होकायंत्र आणि नकाशा वापरता येत नसेल तर अशा दिवशी तिकडे जाऊच नये. हरमनेसची वाट धुक्यातही सापडते, पण तिथला धोका शेवटी आहे : ओल्या गवताचा उतार आणि त्याखाली सरळ समुद्र. जोराच्या वाऱ्यात दोन्ही टाळावेत. लहान मुले बरोबर असतील तर मी दोन्हींपैकी रोनस हिल निवडेन, अर्थात निरभ्र दिवशी आणि पश्चिमेकडे न उतरता.

तिसरी कसोटी वेळेची, आणि इथेच बहुतेकांचे गणित चुकते. अन्स्टला जायला टॉफ्टहून येल बेटावर एक फेरीबोट, मग येल बेट संपूर्ण ओलांडून गचरहून अन्स्टच्या बेलमाँटला दुसरी, असे दोन टप्पे आहेत. लर्विकहून हरमनेसच्या पायथ्याशी पोहोचायला अडीच-तीन तास सहज लागतात, आणि वर साधारण नऊ किलोमीटरांची फेरी आहे. एका दिवसात हे जमते, पण परतीच्या बोटीच्या धास्तीने संध्याकाळ हातची जाते, आणि समुद्रावरून परतलेले पफिन बिळांपाशी सर्वाधिक संख्येने असतात ते नेमके संध्याकाळीच. जूनमध्ये सूर्य दिवसातले जवळजवळ १९ तास वर असतो, त्यामुळे अन्स्टवर मुक्काम केला तर रात्रीच्या जेवणानंतरही कड्यांवर जाता येते. मुक्काम शक्य नसेल तर दिवस रोनस हिललाच द्यावा, हे माझे स्पष्ट मत आहे.

मुक्काम ठरलाच, तर दोन्ही बोटींचे आरक्षण उन्हाळ्यात आधीच करावे आणि ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशा संस्थेचा ४७० क्रमांकाचा नकाशा जवळ ठेवावा; रोनस हिलसाठी तो ४६९ क्रमांकाचा आहे. हरमनेसवर ढग बसलेलेच राहिले, तर बाल्टासाउंडजवळच्या कीन ऑफ हमारच्या उघड्या दगडी उतारावर जावे. अन्स्टखेरीज जगात कुठेही न वाढणारी पांढऱ्या फुलांची एक चिमुकली वनस्पती तिथे जूनमध्ये फुलते, आणि ती पाहायला चढ चढावा लागत नाही.