लंडनच्या ग्रीन लेन्सवरील तुर्की रेस्टॉरंट : काही महिन्यांच्या नियमित जेवणानंतरचा अनुभव

उत्तर लंडनमधील हॅरिंगे भागातून जाणाऱ्या ग्रीन लेन्स या रस्त्यावर, मॅनर हाउस आणि टर्नपाइक लेन या दोन स्थानकांच्या दरम्यान, तुर्की, कुर्दी आणि सायप्रसकडच्या लोकांची इतकी रेस्टॉरंटे आहेत की नव्याने येणाऱ्याने कोणत्या दारातून आत जावे हा प्रश्न पडतोच. गेल्या हिवाळ्यापासून आम्ही त्यांपैकी एकाच ठिकाणी नियमाने जेवत आहोत. त्याचे नाव लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा या रस्त्यावरच्या अनेक ठिकाणांना लागू पडतील. माझे मत मात्र आता पक्के झाले आहे : अशा रेस्टॉरंटची परीक्षा महागड्या थाळ्यांवरून करू नये, तर न मागता समोर येणाऱ्या आणि बिलात न लागणाऱ्या पदार्थांवरून करावी.

हे ओजाकबाशी पद्धतीचे ठिकाण आहे, म्हणजे कोळशाचा विस्तव स्वयंपाकघरात लपवलेला नसून बसण्याच्या दालनातच आहे आणि त्याच्यावर तांब्याचे मोठे धुराडे आहे. विस्तवाजवळच्या टेबलावर बसले तर कपड्यांना धुराचा वास लागतो, तो घरी गेल्यावरही जात नाही. तरीही मी तिथेच बसतो, कारण आपले मांस कधी लावले, कितीदा फिरवले आणि कधी उतरवले हे तिथून दिसते. इथली प्रमुख गोष्ट अदाना कबाब. अदाना शहराच्या या कबाबाला तुर्कस्तानात २००५ साली भौगोलिक मानांकन मिळाले असून त्याच्या नियमांनुसार मेंढ्याचे मांस आणि शेपटीची चरबी ‘झिर्ह’ नावाच्या वक्र पात्याने हाताने बारीक करावी लागते. आमच्या ठिकाणी यंत्राचा खिमा वापरतात, आणि हे त्यांनी विचारल्यावर सरळ सांगितले. तरीही चरबीचे प्रमाण चांगले राखलेले असते, आणि रुंद चपट्या सळईवरचा खिमा बाहेरून खरपूस होईपर्यंत आतून कोरडा पडत नाही. विस्तवाजवळ बसणारा उस्ता, म्हणजे कबाब भाजणारा कसबी आचारी, मधूनमधून पातळ रोटी कबाबावर दाबून त्यातली चरबी टिपून घेतो आणि तीच रोटी ताटात खाली अंथरतो. ती रोटी कबाबाइतकीच महत्त्वाची आहे, आणि ती आधी संपवावी, कारण थंड झाल्यावर ती चिवट होते.

आता बिलात न येणाऱ्या पदार्थांविषयी. बसल्या बसल्या गरम पाव येतो, हिरवी कोशिंबीर येते, टोमॅटो आणि मिरचीची बारीक चिरलेली तिखट एझमे येते, आणि या साऱ्यांहून वरचढ असा भाजलेला कांदा येतो. अख्खे कांदे कोळशावर काळे होईपर्यंत भाजून, वरची साल काढून, त्यांवर डाळिंबाच्या रसाचा आटवलेला पाक आणि शलगम ओततात. शलगम म्हणजे काळी गाजरे आणि सलगम हा कंद आंबवून केलेले जांभळे, खारट-आंबट पेय. अदानाकडे ते कबाबाबरोबर पितात. हा कांदा नीट जमला तर त्या दिवशीचे संपूर्ण जेवण चांगले होते, असे मी इतक्या महिन्यांत पाहिले आहे. शनिवारी रात्री गर्दीमुळे कांदा वरून काळा आणि आतून कच्चा आला, तेव्हा कोंबडीचे तुकडेही कोरडे निघाले. विस्तवावरच्या माणसाला सवड मिळाली नाही, हे कांदा सर्वांत आधी सांगतो. उन्हाळ्यात काही आठवडे त्यांनी स्वतःच्या भट्टीतला पाव बंद करून बाहेरून आणलेला पाव द्यायला सुरुवात केली होती. तो काळ वाईट होता, आणि केवळ आम्हीच नव्हे, तर शेजारच्या टेबलांवरचे तुर्की लोकही ‘आबी’ (दादा) अशी हाक मारून तक्रार करताना मी ऐकले. पुढे भट्टी पुन्हा सुरू झाली आणि पाव पूर्ववत झाला. पहिल्या भेटीत हे कळणे शक्य नव्हते.

इस्केंदर या पदार्थाविषयी थोडक्यातच लिहितो. बुर्सा शहराचा हा पदार्थ म्हणजे पावाच्या तुकड्यांवर डोनर (उभ्या सळईवर फिरवत भाजलेल्या मांसाचे पातळ काप), त्यावर टोमॅटोचा रस्सा, तापवलेले लोणी आणि बाजूला दही. दुपारी तो उत्तम असतो. रात्री उशिरा सळईवरचा डोनर सुकलेला असतो, तेव्हा मागवू नये.

शाकाहारी माणसांना इथे काय मिळते, हा प्रश्न मराठी घरांत हमखास येतो, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो. माझी आई सोलापूरहून आमच्याकडे आली ती नेमकी चातुर्मासात. ती त्या काळात कांदा, लसूण आणि वांगे वर्ज्य करते, आणि तुर्की स्वयंपाकघर तर या तिन्हींवरच उभे आहे. एझमेत कांदा, दह्याच्या जाजिकमध्ये लसूण, आणि थंड पदार्थांतले निम्मे वांग्याचे. मसुरीचे सूप, ज्याला ते मेरजिमेक चोरबा म्हणतात, आपल्या घरच्या पातळ आमटीसारखे दिसते खरे, परंतु त्यात कांदा असतो आणि काही ठिकाणी ते मांसाच्या पाण्यात शिजवतात. बुलगुरच्या (उकडून भरडलेल्या गव्हाच्या) भाताविषयीही तीच खात्री करून घ्यावी लागते. वाढणाऱ्या वयस्क गृहस्थांना आम्ही आमची अडचण सांगितली, तेव्हा त्यांनी कंटाळा न करता आत जाऊन एकेक पदार्थ विचारून आणला. शेवटी आईसाठी केवळ चीज भरलेले गोझलेमे आले. त्याचे पीठ मैदा, पाणी आणि मीठ एवढ्यावरच मळतात आणि ते मोठ्या तव्यावर भाजतात. सोबत साधे दही, ऑलिव्ह आणि पाव होता. चीजमध्ये प्राण्यांपासूनचे रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ) असू शकते आणि बकलावा या पापुद्र्यांच्या मिठाईच्या पिठात बहुधा अंडे असते, हे कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी आधीच लक्षात घ्यावे. भाज्यांची सळई मांसाच्याच जाळीवर भाजतात. वेगळ्या जाळीची विनंती त्यांनी दुपारी मान्य केली, शनिवारी रात्री नाही. आई मात्र तिथून समाधानाने उठली, आणि मला त्या जागेविषयी जो आदर वाटतो त्याचे मोठे कारण तेच आहे.

पैशांविषयी माझी खरी तक्रार आहे. या काही महिन्यांत दर वाढले, हे समजण्यासारखे आहे. कोळसा, मांस आणि पगार सारेच महागले. परंतु दर वाढताना मिश्र कबाबाच्या थाळीतला कोकराचा एक तुकडा कमी झाला आणि त्याची जागा भाताने घेतली, ते मला पटले नाही. बिलात साडेबारा टक्के सेवा-शुल्क आपोआप लावलेले असते. ते ऐच्छिक आहे आणि काढून टाकायला सांगता येते. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार अशी रक्कम मालकाला स्वतःकडे ठेवता येत नाही, ती कामगारांनाच वाटावी लागते. म्हणून आम्ही ती काढायला सांगत नाही. मात्र हे शुल्क आधीच लागलेले आहे हे न पाहता वर पुन्हा टिप ठेवणारे पाहुणे मी अनेकदा पाहिले आहेत, आणि बिल देताना वाढणाऱ्यांनी ते स्वतःहून सांगायला हवे.

जेवणानंतर छोट्या कंबरेच्या काचेच्या पेल्यात बिनदुधाचा काळा चहा येतो, आणि त्याचेही पैसे लावत नाहीत. दोन भांडी एकावर एक ठेवून केलेला हा चहा कडक असतो. फिका हवा असल्यास गरम पाणी वाढवून देतात. गोडात कुनेफे मागवावे, बकलावा रस्त्यावरच्या मिठाईच्या दुकानातून घ्यावा, कारण तिथे तो अधिक ताजा असतो. कुनेफे म्हणजे शेवयांसारख्या तंतूंच्या दोन थरांमध्ये बिनमिठाचे चीज घालून, लोण्यात भाजून, वर साखरेचा पाक ओतलेला पदार्थ. मागवल्यावरच तो भाजायला घेतात, म्हणून कबाब समोर आला की त्याच वेळी सांगून ठेवावे, आणि आला की लगेच खावे. पाच मिनिटे बोलत बसले तर आतले चीज घट्ट होते.