जिभेखालची गोळी : चौदा महिन्यांनंतर

येत्या गणेश चवथीच्या आधी मला ही गोळी सुरू करून चौदा महिने होतील. दुखण्याच्या कॅप्सूलचं जडलेलं व्यसन सोडवण्यासाठी ती मी घेते. ब्युप्रेनॉर्फिन आणि नॅलोक्सोन ही दोन औषधं एकत्र असलेली, जिभेखाली ठेवायची गोळी. सुरू करण्याआधी मी रात्र रात्र जागून मराठीत कोणी काही लिहिलंय का ते शोधत होते. एक तर जाहिराती सापडल्या, नाही तर उपदेश. ज्याने ती रोज घेतली आहे अशा माणसाचं काहीच सापडलं नाही, म्हणून हे लिहायला बसले.

मी गोव्यातल्या पेडणे तालुक्यातली. घरीच शिवणकाम करते. चार वर्षांपूर्वी पावसात विहिरीच्या पायरीवरून घसरले, कंबर धरली, आणि डॉक्टरांनी दहा दिवसांसाठी ट्रामाडोल, म्हणजे अफूच्या जातीचं दुखण्यावरचं औषध दिलं. दुखणं थांबलं. पण त्याबरोबर अंगात अशी काही उमेद आली की लग्नसराईत रात्री दोनपर्यंत ब्लाउज शिवले तरी थकवा म्हणून नाही. दहा दिवसांची ती चिठ्ठी एका फार्मसीत तीन वर्षं चालली. 2018 पासून ट्रामाडोल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, चिठ्ठीशिवाय ते देताच येत नाही, हे मला फार उशिरा कळलं. त्या काउंटरवरचा मुलगा तर "वहिनी, आज किती स्ट्रिप?" एवढंच विचारायचा.

शेवटी शेवटी दिवसाला 50 मिलिग्रॅमच्या दहा कॅप्सूल होत होत्या. एका दुपारी मशीनवर बसल्या बसल्या मला आकडी आली. शुद्धीवर आले तेव्हा मी जमिनीवर होते, जीभ चावलेली, आणि सासूबाई माझं डोकं मांडीवर घेऊन रडत होत्या. ट्रामाडोल दिवसाला 400 मिलिग्रॅमच्या वर घ्यायचं नसतं आणि मात्रा वाढली की आकडी येऊ शकते, हे नंतर समजलं. त्या दिवशी मी घरात सगळं सांगून टाकलं.

आधी जिथे गेलो तिथे चिठ्ठी फाडणाऱ्या बाईने भरल्या रांगेत मोठ्याने विचारलं, "व्यसनाची केस का?" मी तशीच मागे फिरले आणि दीड महिना घरीच स्वतःच्या बळावर सोडायचा प्रयत्न केला. तीनदा सोडलं, तीनदा परत घेतलं. तो दीड महिना नुसता वाया गेला असं आज वाटतं. नंतर म्हापशाला एका मनोविकारतज्ज्ञ बाईंकडे गेले, अजून तिथेच जाते.

सुरुवातीबद्दल नीट सांगते, कारण लोक घाबरतात ते इथेच. आदल्या संध्याकाळी सहाला शेवटची कॅप्सूल घ्यायची आणि सकाळी त्रास चांगला सुरू झालेला असतानाच दवाखान्यात यायचं, असं बाईंनी बजावलं होतं. मला वाटलं, हा काय छळ! पण त्यामागे कारण आहे. मेंदूत अफूच्या जातीची औषधं जाऊन बसतात त्या जागा म्हणजे काज समजा. ब्युप्रेनॉर्फिन त्या काजात फार घट्ट बसतं, आधीच्या बटणाला बाहेर ढकलून बसतं, पण त्याचा जोर मात्र अर्धाच असतो. आधीचं औषध अजून भरलेलं असताना ही गोळी घेतली तर ते एकदम बाहेर पडतं आणि सोडल्यावर होणारा सगळा त्रास तासाभरात अंगावर येतो. म्हणून थांबायचं. सकाळच्या बसमध्ये मला सारख्या जांभया येत होत्या, नाक गळत होतं, जूनच्या उकाड्यात हातावर काटा उभा होता. बाईंनी नाडी पाहिली, डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या, कागदावर गुण मांडले आणि मगच 2 मिलिग्रॅमची पहिली गोळी दिली.

चव कडू, वर कसलासा गोडसरपणा. "ताई, गिळू नका, बोलू नका, विरघळू द्या." पहिली गोळी पूर्ण विरघळायला दहा मिनिटं लागली. अर्ध्या-पाऊण तासाने जांभया थांबल्या. नशा नाही, झोप नाही, काही विशेष नाही. बाकावर बसून मी समोरच्या बाईच्या साडीचा फॉल बघत होते. तो उलट्या दोऱ्याने लावला होता. त्या क्षणी माझ्या डोक्यात कॅप्सूल नव्हती, फॉल होता. तीन वर्षांत असं झालं नव्हतं. मला तिथेच रडू आलं.

दोन तास बसवून ठेवलं, आणखी एक गोळी दिली. पहिला आठवडा रोज जायचं, मग आठवड्याच्या गोळ्या, आता चौदा दिवसांच्या. मात्रा 6 मिलिग्रॅमवर स्थिरावली, म्हणजे 2 मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या, सकाळी एकदम. असर लांब टिकतो, त्यामुळे दिवसातून एकदा पुरते. कॅप्सूलवर असताना माझा दिवस चार-चार तासांचे तुकडे जोडून केलेला असायचा. आता सकाळी आठला मी जशी असते तशीच रात्री आठलाही असते. मला विचाराल तर या गोळीचं सगळं मोल यात आहे.

त्रास आहेत, लपवत नाही. पहिले दोन आठवडे डोकं दुखायचं आणि घाम इतका की कापडावर डाग पडू नये म्हणून मांडीवर टॉवेल घेऊन शिवायचे. घाम कमी झाला, पूर्ण गेला नाही. बद्धकोष्ठता अजून आहे. इसबगोल, पपई, भरपूर पाणी, यावर निभावते. दातांचं मात्र मला आधी कोणी सांगायला हवं होतं. या गोळ्यांनी दात किडू शकतात, 2022 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तसा इशाराही दिला आहे. गोळी विरघळली की घोटभर पाणी तोंडात हलकं खेळवून गिळायचं आणि तासभर ब्रश करायचा नाही. मला हे पाचव्या महिन्यात कळलं, तोवर एक दाढ ठणकायला लागली होती.

आणि टाचण्या! माप घेताना टाचण्या ओठांत धरायची माझी वीस वर्षांची सवय. गोळी तोंडात असताना ते शक्य नाही, बोलणंही शक्य नाही. म्हणून गिऱ्हाईक यायच्या आधी, सहाच्या सुमाराला, मागच्या पडवीत बसून घेते. तेवढा वेळ घरात मला कोणी हाक मारत नाही. धाकट्यानेच तो नियम केलाय.

नॅलोक्सोन कशाला, असं ह्यांनी विचारलं होतं. जिभेखालून ते जवळजवळ शोषलंच जात नाही. कोणी गोळी कुटून सुईने टोचली तर मात्र ते जागं होतं आणि नशेऐवजी त्रास देतं. गैरवापर होऊ नये म्हणून ते घातलेलं. याच कारणाने ही गोळी साध्या फार्मसीत मिळत नाही, व्यसनमुक्तीचा उपचार देणाऱ्या ठिकाणाहूनच घ्यावी लागते. माझ्या गोळ्या कुलपाच्या डब्यात असतात, किल्ली सासूबाईंच्या कमरेला. लहान मुलाच्या पोटात एक गेली तरी श्वास मंदावू शकतो, म्हणून यात मी तडजोड करत नाही. दारू आणि झोपेच्या गोळ्यांबरोबरही तोच धोका. गोव्यात प्रत्येक समारंभात ग्लास पुढे येतो, बायकांच्याही. सरळ नाही म्हणते.

आता सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य, "एक गोळी सोडून दुसरी धरलीस." जाऊबाईंनी हे इतक्या वेळा म्हटलं की फेब्रुवारीत मी बाईंना न विचारता तीनवरून एका गोळीवर आले. पहिले दोन दिवस अभिमानात गेले. तिसऱ्या रात्री पाय अंथरुणात ठरेनात. पाचव्या दिवशी मी चप्पल घालून त्या जुन्या फार्मसीच्या दिशेने निघाले होते. बसथांब्यापर्यंत पोचलेसुद्धा. तिथून ह्यांना फोन केला, ते दुकान बंद करून आले आणि आम्ही फार्मसीऐवजी म्हापशाची बस पकडली. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अशा वेळी परत जुनं औषध जुन्याच मात्रेत घेतलं तर जिवावर बेततं, कारण शरीराची सहन करायची ताकद तोवर उतरलेली असते. उपचारावर टिकलेल्या माणसांत मृत्यू बरेच कमी होतात, ते उगाच नाही." जागतिक आरोग्य संघटनेने 2005 सालीच हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलंय, हेही तेव्हाच कळलं.

व्यसन म्हणजे काय ते मी भोगलंय. कॅप्सूलसाठी मी गिऱ्हाइकाच्या आगाऊ पैशांना हात लावला, आईच्या बाराव्याला खोटं बोलून फार्मसीत गेले. या गोळीसाठी मला आजवर एकदाही खोटं बोलावं लागलेलं नाही. रक्तदाबाची गोळी सासूबाई बावीस वर्षं घेतायत, त्यांना कोणी विचारत नाही की कधी सोडणार. मात्रा कमी करायची झाली तर ती बाईंशी बोलून, महिन्यामहिन्याने, आणि माझी तयारी असेल तेव्हाच. कदाचित वर्षं लागतील. मला चालेल.

कोणाला भीती पोलिसांची असेल तर अमली पदार्थांच्या कायद्यातलं कलम 64अ वाचा. सेवनासाठी किंवा थोड्या मात्रेसाठी अडकलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. नाव गुप्त ठेवण्याचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला आहे. बांबोळीच्या सरकारी मनोविकार संस्थेत व्यसनाचे उपचार होतात. घरातून निघवत नसेल तर व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा 14416 हे फोन आहेत. दातांचं आणि शस्त्रक्रियेचं काम निघालं तर डॉक्टरांना ही गोळी चालू असल्याचं आधीच सांगा, वेदनेची अफूच्या जातीची औषधं हिच्यापुढे नीट चालत नाहीत. माझी दाढ काढताना मी सांगितलं, काम सुरळीत झालं.

कंबर अजून अधूनमधून दुखते. तेव्हा उठून उंबऱ्यापर्यंत दोन फेऱ्या मारते आणि परत मशीनवर बसते. चवथीचे अकरा ब्लाउज बाकी आहेत. शुक्रवारी म्हापशाला बाजाराची गर्दी असते, तरी त्याच दिवशी जाईन, म्हणजे बेचाळीस गोळ्या घेऊन परत येताना अस्तराचं कापडही आणता येईल.